भाताचा अंदाज आणि भाताचे कोठार

भातकापणी आटोपून खळ्यावर झोडणी सुरू झाली म्हणजे शेतकऱ्याच्या घरी वर्षातले सुखाचे दिवस आले, असे मानण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ठाणे जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर ही रीत आता बदलावी लागेल. मृगापासून दसऱ्यापर्यंत शेतकऱ्यास जी काळजी असते ती पावसाची, रोगाची, मजुरांची. तिच्यावर त्याचा इलाज मर्यादित असतो व तो ती मुकाट्याने सोसतो. परंतु कापणीनंतर जी काळजी सुरू होते ती निसर्गाने पाठविलेली नसते. भात ठेवावे कोठे, न्यावे कशातून, ते घेणार कोण व केव्हा, हे तीन प्रश्न माणसांच्या व्यवस्थेतील आहेत. आणि ते दरसाल त्याच महिन्यात, त्याच क्रमाने उभे राहतात. जो प्रश्न दरसाल ठरल्या तिथीला येतो त्यास आकस्मिक अडचण म्हणता येत नाही. त्यास हयगय हेच नाव योग्य आहे.

वर्तकनगरातील आमच्या कचेरीत मुरबाड, शहापूर, भिवंडी व कल्याण या तालुक्यांतून येणाऱ्या सभासदांच्या तक्रारी आम्ही नेहमी ऐकतो. कोणी म्हणतो बारदान नाही, कोणी म्हणतो गुदाम भरले, कोणी म्हणतो टेंपोचे भाडे परवडत नाही. या तक्रारी निरनिराळ्या दिसतात व त्यांची उत्तरेही निरनिराळ्या टेबलांवरून मिळतात. आमचे म्हणणे असे आहे की, या सर्वांचे मूळ एकच आहे. आपल्या गावात यंदा किती भात होणार याचा खरा आकडा वेळेवर कोणाच्याही हाती नसतो. आकडा चुकला म्हणजे बारदान चुकते, बारदान चुकले म्हणजे तोल थांबतो, तोल थांबला म्हणजे भात अंगणात पडते, आणि अंगणात पडलेले भात अखेर व्यापाऱ्याच्या दाराशी जाते. म्हणून कोठार व वाहतूक यांविषयी बोलण्यापूर्वी अंदाजाविषयी बोलणे अवश्य आहे.

पिकाचा अंदाज ही नुसती हिशेबाची बाब नव्हे, हे आपल्या वाडवडिलांस चांगले ठाऊक होते. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक असे धरून गावाची आणेवारी काढीत व तिच्यावर सारामाफी किंवा सारातहकुबी अवलंबून असे. 1918 साली गुजरातेत खेडा जिल्ह्यात जो सत्याग्रह झाला त्याचा सारा वाद याच एका आकड्याभोवती होता. पीक चार आण्यांहून कमी आले असेल तर त्या वर्षाचा सारा तहकूब व्हावा, असा नियम होता. पीक त्याहून कमी आहे असे शेतकरी म्हणत होते. अधिक आहे असे अधिकारी म्हणत होते. शेत तेच, दाणे तेच. पण मोजणारी नजर बदलली की आकडा बदलला, आणि त्या आकड्यावर घरातील भांडी जप्त व्हावयाची की नाही हे ठरले. त्या प्रसंगाने शिकविलेली गोष्ट अशी की, ज्याच्या शेताचा अंदाज होतो तो अंदाजाच्या वेळी हजर नसेल तर त्या अंदाजास न्याय म्हणता येत नाही.

आणे गेले, पैसे आले व आणेवारीची पैसेवारी झाली. खरीप पिकाची नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित पैसेवारी ऑक्टोबरअखेर व अंतिम पैसेवारी डिसेंबरात, असा आपल्या राज्यातील क्रम आहे. आणि पन्नास पैशांची रेषा ही सवलतीची रेषा मानली जाते. 2016 च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने दुष्काळ ठरविण्यासाठी पाऊस, जमिनीतील ओल, पेरणीक्षेत्र व पिकांची हिरवाई अशा शास्त्रीय गमकांस प्राधान्य दिले, हे चांगलेच झाले. परंतु या दोन्ही पद्धतींची दृष्टी मुख्यतः अवर्षणाकडे लागलेली आहे. कोकणपट्टीतील शेतकऱ्याचे दुखणे त्याच्या उलट आहे. त्याचे पीक पावसावाचून क्वचितच जाते; ते बहुधा अवेळी पावसाने जाते. 2019 च्या ऑक्टोबरात कापलेले भात खाचरांत आडवे पडले असता पाऊस कोसळला, लोंब्यांस जागच्या जागी मोड आले व पेंढाही काळा पडला. त्या वर्षी नोव्हेंबरात खरीप पिकांसाठी हेक्टरी 8000 रुपयांची मदत जाहीर झाली. सप्टेंबरअखेर उभ्या पिकावर टाकलेली नजर अशा वर्षी काय कामाची? तेव्हा शेत हिरवेगार असते, पाहणारा समाधानाने परत जातो, आणि खरे नुकसान त्याच्या पाठीमागे तीन आठवड्यांनी होते.

दुसरा दोष सरासरीचा आहे. एकाच गावात खालच्या अंगाची खोल खाचरे असतात व वरच्या अंगास उताराची वरकस जमीन असते. पाऊस लवकर उघडला तर वरचे भात पळींज होते व खालचे उत्तम पिकते. पाऊस लांबला तर खालचे कुजते व वरचे वाचते. दोहोंची बेरीज करून निम्मे केले म्हणजे कागदावर मध्यम पीक दिसते. पण ते मध्यम पीक गावात कोणाच्याही घरी नसते.

नजरेच्या जागी मोजमाप आणण्याचा मार्ग आपल्याच माणसांनी घालून दिलेला आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी 1911 साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे व डॉ. विनायक गोविंद पानसे या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी 1940 नंतरच्या दशकात पीककापणी प्रयोगांची पद्धत शास्त्रशुद्ध पायावर उभी केली. तिचे तत्त्व अगदी साधे आहे. कोणते शेत मोजावयाचे व शेतातील कोणता चौकोन कापावयाचा हे पाहणाऱ्याच्या मर्जीवर न ठेवता यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे, ठरवावयाचे. मग त्या चौकोनातील पीक कापून, झोडून व वाळवून तोलावयाचे. मर्जी आली की चुकी आली, कारण माणूस चांगले दाखवू इच्छितो तेव्हा बांधाजवळचे भरदार पीक निवडतो व वाईट दाखवू इच्छितो तेव्हा विरळ कोपरा निवडतो. पुढे सुखात्मे रोम येथील जागतिक अन्न व कृषि संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले. मराठी मुलखातून निघालेल्या माणसाच्या हातून हे तत्त्व जगभर पोहोचावे आणि आमच्या तालुक्यांत मात्र शेतकऱ्यास आपल्या गावचा प्रयोग कोणत्या शेतात झाला याची वार्ताही नसावी, ही खेदाची गोष्ट आहे.

त्यात 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून आपल्या सातबाऱ्यावर आपले पीक नोंदवावयाचे, ही कल्पना आम्हांस मनापासून पसंत आहे. कारण अंदाजाच्या कामात शेतकऱ्यास तिने प्रथमच कर्तेपण दिले. क्षेत्र शेतकऱ्याने सांगावे, उतारा प्रयोगाने ठरावा, दोहोंचा गुणाकार म्हणजे गावचे भात. इतके सोपे गणित हाताशी असता खरेदीच्या हंगामात बारदान कमी पडावे याचे कारण एकच दिसते. एका खात्याचा आकडा दुसऱ्या खात्याच्या कामी लावण्याची आपल्याकडे सवय नाही.

अंदाज चुकल्याची व वाहतूक तुटल्याची किंमत केवढी असू शकते, याचे भयंकर उदाहरण 1943 चा बंगालचा दुष्काळ होय. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या वुडहेड समितीचा अहवाल 1945 साली प्रसिद्ध झाला. त्या प्रांतातील पिकांचे आकडे भरवशाचे नव्हते हे त्यात स्पष्ट झाले. शिवाय 1942 साली शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून किनाऱ्याकडील हजारो होड्या सरकारने काढून घेतल्या होत्या. आणि जेथे नदी हाच रस्ता तेथे होडी गेली म्हणजे धान्याचे पायच गेले. त्याच 1943 साली मे महिन्यात मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले. ठाण्याच्या भाताची व मुंबईच्या शिध्याची गोष्ट बंगालइतकी भीषण नाही व कधी होऊ नये; परंतु चुकीचा आकडा आणि नसलेले वाहन ही जोडी एकत्र आली असता काय होते, हे विसरणे शहाणपणाचे नाही.

आता आमच्याकडे काय होते ते पाहू. आमच्या परिचयाचा एक शेतकरी आहे. दोन एकर खाचर, घरात पाच माणसे. बी व खावटी बाजूस काढून सुमारे 20 क्विंटल भात विकण्याजोगे निघाले. 2025-26 च्या हंगामासाठी साधारण भातास क्विंटलला 2369 रुपये आधारभूत किंमत जाहीर झालेली. सबब केंद्रावर घालण्याचा त्याचा निश्चय होता. पहिल्या खेपेस केंद्र सुरू झालेले नव्हते. दुसऱ्या खेपेस बारदान आलेले नव्हते. तिसऱ्या खेपेस भातात ओलावा अधिक निघाला, कारण मधल्या काळात ते अंगणात ताडपत्रीखाली होते व रात्री दव पडत होते. तीन खेपांचे टेंपोभाडे अंगावर पडले, सोसायटीचा हप्ता दारी आला, आणि चौथ्या दिवशी त्याने ते भात गावातच आधारभूत किमतीहून कमी दराने देऊन टाकले. यात कोणी लुच्चेगिरी केली असे आम्ही म्हणत नाही. केंद्रावरील माणसे नियमाप्रमाणे वागली, व्यापारी बाजाराप्रमाणे वागला. बुडाला तो एकटा शेतकरी. आणि तो बुडाला केवळ थांबण्यास जागा नव्हती म्हणून.

येथे ओलाव्याचा हिशेब शेतकऱ्याने नीट समजून घ्यावा. शासकीय खरेदीत भाताच्या ओलाव्याची कमाल मर्यादा शेकडा 17 आहे. कापणीच्या वेळी भातात शेकडा 20 किंवा त्याहून अधिक ओल असते. शेकडा 20 ओलीचे 20 क्विंटल भात 14 पर्यंत वाळविले तर वजन सुमारे 18 क्विंटल 60 किलो भरते. ही 1 क्विंटल 40 किलोंची घट पाहून पुष्कळांचा जीव खालीवर होतो व ते ओले भातच लोटू पाहतात. परंतु गेले ते पाणी होते, दाणा नव्हे. ओले भात साठविले तर ते तापते, बुरशी धरते, भरडताना तुकडा होते. मग जे जाते ते मात्र दाणाच असतो. साठवणीस ओल शेकडा 14 च्या वर असू नये व बियाण्यास त्याहूनही कमी असावी, हा नियम खळ्यावर लिहून ठेवण्याजोगा आहे.

आपले पूर्वज या बाबतीत अडाणी नव्हते. घाटावर पेवे होती, बळदे होती. कोकणात बांबूच्या किंवा कारवीच्या शेणाने सारविलेल्या कणग्या होत्या, पेंढ्याने घट्ट वळलेल्या मुड्या होत्या. कणगीचे धान्य जमिनीपासून उंच राही, तिला हवा लागे, निंबाचा पाला घातला म्हणजे सोंड्यास काही अंशी आळा बसे. मात्र कणगी ही घरच्या खावटीपुरती होती. विक्रीचे भात चार महिने धरून ठेवण्याचे ते साधन नव्हे. लुधियानाच्या काढणीपश्चात् अभियांत्रिकी संस्थेने 2015 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तृणधान्यांचे काढणीपासून पुढचे नुकसान शेकडा 4.65 ते 5.99 इतके आढळले. शंभर पोती पिकविणाऱ्या गावाची पाच-सहा पोती उंदीर, कीड, ओल व सांडलवंड यांस वाटली जातात, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

या प्रश्नाची एक बाजू ठाणे जिल्ह्यातच दिसू शकेल अशी आहे. मुंबई–नाशिक रस्त्याने कल्याण फाटा ओलांडून जाणाऱ्याने दोन्ही बाजूंस पाहावे. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल उतरवून ठेवणे सोयीचे म्हणून भिवंडीच्या आसपास गुदामे वाढली. 2017 च्या जुलैत जकात गेली तरी गुदामे वाढतच राहिली. कापड, औषधे, यंत्रे, खेळणी, मोबाइल, साऱ्या देशाचा माल तेथे पत्र्याच्या उंच छपराखाली कोरडा राहतो. त्यांपैकी कित्येक गुदामे कालपर्यंत भातखाचरे असलेल्या जमिनीवर उभी आहेत. ज्या मातीने भात द्यावयाचे सोडून छप्पर दिले, त्या छपराखाली शेजारच्या गावच्या भातास मात्र जागा नाही. गुदामवाल्यांचा आम्ही दोष मानीत नाही. भाडे देईल त्याचा माल ते ठेवतील. परंतु जिल्ह्यात कोठार बांधण्याचे ज्ञान नाही, पैसा नाही किंवा जागा नाही, असे यापुढे कोणी आम्हांस सांगू नये.

कोठार असले म्हणजे शेतकऱ्यास थांबता येते, आणि थांबण्याचा खर्च फार नाही. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून चालू आहे. तीत भातासारख्या मालाच्या किमतीच्या शेकडा 75 पर्यंत रक्कम, दरसाल शेकडा 6 व्याजाने, 180 दिवसांकरिता मिळते. वरच्याच शेतकऱ्याचे 18 क्विंटल वाळलेले भात 2369 रुपयांनी धरले तर किंमत 42,642 रुपये. तारण सुमारे 31,980 रुपये. सहा महिन्यांचे व्याज सुमारे 960 रुपये. म्हणजे क्विंटलमागे सुमारे 53 रुपये. घाईने विकताना क्विंटलला शंभर रुपये जरी कमी मिळाले तरी थांबणे फायद्याचे ठरते. मग ही योजना आमच्या भातशेतकऱ्याच्या उपयोगी का पडत नाही? कारण माल ठेवण्याची जागा बाजार समितीच्या आवारात व भात तीस किलोमीटर दूर वाडीवर. कर्ज आहे पण कोठार दूर आहे. म्हणजे विहीर आहे पण दोर नाही.

आता वाहतूक. हा मुलूख वाहतुकीस नवा नाही. कल्याण बंदरातून जुन्नराकडे जाणारा माल मुरबाडावरून नाणेघाटाने चढत असे. माथ्यावर जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण अद्याप आहे, आणि जुन्नरच्या एका लेण्यात धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या दानाचा लेख आहे. 16 एप्रिल 1853 रोजी देशातील पहिली उतारूंची आगगाडी ठाण्यास आली, 1854 साली ती कल्याणास पोहोचली व 1865 साली थळघाट चढून गेली. परंतु 1876 ते 1878 च्या दुष्काळात एक गोष्ट लोकांच्या ध्यानात आली, की आगगाडी धान्य जेथे भूक आहे तेथे नेतेच असे नाही. जेथे भाव आहे तेथे ती नेते. रस्ता असणे व रस्ता आपल्या कामी येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आजही मोठ्या रस्त्यावर शेकडो मैल माल स्वस्तात जातो. महाग पडतो तो वाडीपासून केंद्रापर्यंतचा दहा-पंधरा किलोमीटरांचा पहिला टप्पा. लहान शेतकऱ्याची पंचवीस पोती व पूर्ण टेंपोचे भाडे यांचा मेळ बसत नाही, आणि खेप फुकट गेली तर तो मोडूनच पडतो. सबब खरा इलाज भाडे कमी करण्यात नसून खेप फुकट न जाऊ देण्यात आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो. ठाणे जिल्ह्याचे भात ते किती! 2014 साली पालघर निराळे झाल्यावर आमचे सातच तालुके उरले, त्यांतही अर्ध्यांत शहरे पसरली; येथील नगरे परप्रांतीच्या तांदळावर जगतात; मग एवढ्याशा भातासाठी कोठारांचा खटाटोप कशाला? आमचे उत्तर असे की, देशाच्या कोठारात आमचे भात थोडे असेल, पण ज्याच्या घरी ते पिकते त्याच्या घरी ते सर्वस्व असते. शिवाय भात परवडेनासे झाले म्हणजे जमीन विकली जाते, आणि विकलेल्या खाचरात पुन्हा भात होत नाही. वर्तकनगरातील गृहिणी आज दुकानात जो तांदूळ निवडते तो आठशे-हजार मैलांवरून येतो. पन्नास किलोमीटरांवरचा तांदूळ तिला मिळत नाही व पन्नास किलोमीटरांवरच्या शेतकऱ्यास ती मिळत नाही. ही दोघांचीही हानी आहे.

दोष केवळ दुसऱ्यांचेच सांगून थांबणे आम्हांस शोभणार नाही. आपल्यापैकी कित्येक ई-पीक पाहणीची नोंद करण्याचा आळस करतात व मग आकडा चुकला म्हणून ओरडतात. कित्येक भात न पाखडता, पळींज व मातीसह पोती भरतात. आणि सर्वांत वाईट गोष्ट ही की, चार पैशांच्या लोभाने काही जण आपला सातबारा व्यापाऱ्यास उसना देतात, व त्याचे बाहेरचे भात आपल्या नावावर केंद्रात घालू देतात. त्या पोत्यांनी जे बारदान व जी जागा अडते ती शेजाऱ्याची असते. आकडा खरा असावा अशी मागणी करणाऱ्याने प्रथम आपला आकडा खोटा होऊ देता कामा नये.

आमच्या मागण्या थोडक्यात अशा आहेत. ई-पीक पाहणीचे गावचे क्षेत्र व पीककापणी प्रयोगाचा उतारा ग्रामसभेत वाचून दाखवावा व चावडीवर लावावा. प्रयोगाच्या वेळी गावच्या शेतकऱ्यांस आगाऊ वर्दी द्यावी. परतीचा पाऊस झाल्यास ऑक्टोबरनंतर कोकणपट्टीत अंदाज पुन्हा तपासावा. त्या आकड्यावरून केंद्र, बारदान व गुदाम यांची तरतूद दसऱ्यापूर्वी ठरावी. शेतकऱ्यास तारखेची चिठ्ठी मिळावी, त्या तारखेस तोल व्हावा, आणि ओलावा मोजण्याचे यंत्र गावातील सोसायटीत असावे, म्हणजे ओले भात केंद्रापर्यंत जाऊन परत येणार नाही. शेवटची मागणी अशी की, चार-पाच गावांच्या प्रत्येक गटास सुकवणीच्या ओट्यासह 100 टनांचे एक कोठार असावे व तेथेच तारण मिळावे. शंभर टन म्हणजे 40 किलोंची 2500 पोती. शंभर शेतकऱ्यांची प्रत्येकी पंचवीस. सहकारी क्षेत्रात धान्यकोठारे उभारण्याची योजना केंद्र सरकारने 2023 च्या मे महिन्यात मंजूर केली असून, तिच्या पहिल्या प्रायोगिक कोठारांत अमरावती जिल्ह्यातील नेरपिंगळाईच्या सोसायटीचे एक आहे. जे वऱ्हाडात होऊ शकले ते मुरबाड-शहापुरात का होऊ नये?

सरकारने करावयाचे ते सरकार करीलच अशी आशा धरू. पण त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. येत्या हंगामात प्रत्येक गावच्या सभासदांनी एक साधी वही घालावी. कोणाचे क्षेत्र किती, भात कोणते, कापणी कधी, विक्रीस पोती किती, एवढीच माहिती तीत दसऱ्यापर्यंत भरावी, व तिची नकल आमच्याकडे पाठवावी. सरकारी आकड्याशेजारी गावचा आकडा ठेवता आला, तर बारदान कमी का पडले हा प्रश्न आम्हांस अर्जाने विचारावा लागणार नाही. तो हिशेबाने विचारता येईल. आणि खरा हिशेब हातात घेऊन आलेल्या शेतकऱ्यास ‘पुढच्या आठवड्यात ये’ असे सांगणे कोणासही सोपे जाणार नाही.